पाळीव सशाची केसगळती आणि त्याची निगा

ग्रामीण भागातील मुलांच्या घरी गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, मांजर हे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेले आहेत. त्यांच्या निगेचे ज्ञान मुलांस घरच्या वडीलधाऱ्या माणसांकडून न शिकवताच मिळते. पाळीव ससा हा मात्र आपल्या खेड्यांत नवा पाहुणा होय. कोणी तो बाजारातून आणतो, कोणाला शहरातील नातलग देतात. त्याची सवय घरात कोणालाच नसते. त्यामुळे एके दिवशी त्याच्या अंगावरचे केस मुठीमुठीने गळू लागले म्हणजे आजीलाही उपाय सुचत नाही, आणि मूल तो प्रश्न घेऊन शाळेत गुरुजींकडे किंवा बाईंकडे येते.

अशा वेळी दोन परस्परविरुद्ध गोष्टी घडताना दिसतात. काही घरांत ही खरूजच आहे असे समजून सशाच्या अंगास तेल, रॉकेल किंवा गुरांच्या गोचिडांचे औषध चोळतात. काही घरांत ‘केसच ते, पुन्हा येतील’ असे म्हणून त्याच्याकडे पाहतही नाहीत. पहिल्या प्रकारात औषधाने अपाय होतो. दुसऱ्या प्रकारात ससा खाणे सोडतो हे वेळेवर कोणाच्या ध्यानात येत नाही. हे दोन्ही टळावे, या हेतूने पुढील माहिती दिली आहे. तिचे सार एका वाक्यात सांगता येईल. केस गळणे हा रोग नव्हे. त्या दिवसांत सांभाळावयाचे असते ते सशाचे पोट.

केस का गळतात?

पाळीव ससा हा मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडील रानटी सशांच्या वंशातला आहे. त्या प्रदेशात हिवाळा व उन्हाळा यांत मोठा फरक असतो. म्हणून थंडीसाठी दाट आणि उन्हाळ्यासाठी विरळ अशी केसांची अदलाबदल त्याच्या शरीरात निसर्गानेच योजून ठेवली आहे. या बदलाची मुख्य सूचना त्यास दिवसाच्या लांबीवरून मिळते. डोळ्यांत शिरणारा प्रकाश किती तास टिकतो यावरून शरीरातील स्रावांचे प्रमाण पालटते, जुने केस सैल होतात आणि त्यांच्या मुळाशी नवे उगवू लागतात.

आपला जुन्नर तालुका सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. येथे वर्षातील सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत लहान दिवस यांत सुमारे सव्वादोन तासांचाच फरक पडतो. लंडन शहरी हाच फरक पावणेनऊ तासांच्या आसपास असतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो, ते आपल्या अक्षांशास अगदी शोभणारे आहे. यास्तव युरोपातील पुस्तकांत लिहिलेला केसगळतीचा ठरीव हंगाम आपल्याकडे तितका काटेकोर नसतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळा सरल्यावर ती अधिक दिसते. तथापि उष्म्यामुळे किंवा घरात रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असल्यामुळे ती मधल्याच महिन्यांत सुरू झाली तरी नवल नाही.

यांखेरीज आणखी दोन कारणे शिक्षकांनी ध्यानात ठेवावीत. पहिले कारण वयाचे. पिल्लाच्या अंगावरची बाळलव साधारणतः चौथ्या ते सहाव्या महिन्यात जाऊन तेथे मोठ्या सशाचे केस येतात. लहानसे पिल्लू हौसेने आणणाऱ्या घरी काही महिन्यांतच पहिली केसगळती दिसते, ती हीच. दुसरे कारण मादीचे. सशाची मादी सुमारे ३१ दिवसांनी विते. त्याआधी ती गळ्याखालचे व पोटावरचे केस स्वतःच्या दातांनी उपटते, तोंडात गवत गोळा करते आणि पिल्लांसाठी मऊ घरटे करते. कधी कधी ती गाभण नसतानाही तसे वागते. अशा वेळी तिला हटकू नये. कोरडे गवत व शांत कोपरा द्यावा.

नेहमीची केसगळती बहुधा डोके व मान यांकडून सुरू होऊन पाठीवरून कुशींकडे व पोटाकडे सरकते. जुने व नवे केस जेथे भेटतात तेथे अंगावर एक रेघ उमटलेली दिसते. हा सर्व क्रम दोन ते सहा आठवडे चालतो. काही सशांचे केस इतके झपाट्याने जातात की मध्येच उघडी कातडी दिसते. परंतु ती गुळगुळीत, स्वच्छ आणि कोवळी लव फुटू लागलेली असेल, तर काळजीचे कारण नसते.

धोका कोठे आहे?

ससा मांजराप्रमाणे आपले अंग चाटून स्वच्छ करतो. केस सैल झाले म्हणजे ते पुष्कळ प्रमाणात त्याच्या पोटात जातात. मांजराला केसांचा गोळा ओकून टाकता येतो; सशाला ओकताच येत नाही. जे गिळले ते सर्व आतड्यांतूनच पुढे गेले पाहिजे.

पूर्वी असे समजत असत की पोटात केसांचा गोळा बसतो आणि म्हणून ससा खाणे सोडतो. आता असे कळून आले आहे की निरोगी सशाच्या जठरातही थोडे केस नेहमीच असतात व ते चाऱ्याबरोबर पुढे सरकतात. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. गवत कमी पडते, पाणी कमी पडते, उकाडा होतो, किंवा भीतीने, दुखण्याने ससा गांगरतो. त्यामुळे आतड्यांची हालचाल मंदावते. आणि हालचाल मंदावली म्हणजे आत असलेले केस व अन्न सुकून घट्ट बसतात. मग पोटात वायू धरतो, वेदना होतात, वेदनेमुळे ससा आणखी खात नाही, आणि न खाल्ल्यामुळे आतडी आणखी थांबतात. विहिरीचा रहाट थांबला की पाटाचे पाणीही थांबते, तशी ही अवस्था असते.

म्हणून केस बाहेर काढणे हे अर्धेच काम झाले. आतडी चालती ठेवणे हे उरलेले आणि अधिक महत्त्वाचे काम होय.

चारा व पाणी

सशाचे खरे अन्न गवत आहे. पुष्कळ घरी त्याला चपाती, भात, बिस्किटे, पाव, शेव असे काहीबाही देतात. ससा ते आवडीने खातो, पण त्यात चोथा नसतो. गवताचा चोथा आतड्यांना पुढे ढकलण्याचे काम देतो, आणि जन्मभर वाढणारे सशाचे दातही झिजवतो. सशाच्या अंगाएवढा वाळलेल्या, बुरशी न लागलेल्या गवताचा भारा दिवसरात्र त्याच्यापुढे असावा. हरळी, मारवेल यांसारखी ओळखीची गवते उत्तम. लसूण घास आपल्याकडे गुरांसाठी मुबलक असतो. तो वाढत्या पिल्लास चालतो, पण मोठ्या सशास थोडाच द्यावा, कारण त्यात चुन्याचे प्रमाण जास्त असते. कोथिंबीर, गाजराचा व मुळ्याचा पाला रोज मूठभर द्यावा. गाजर गोड असल्यामुळे एखादी चकतीच पुरे.

पिंपरी पेंढार, ओतूर, आळेफाटा हा आपला पट्टा बागायती आहे. येथे कांदा, टोमॅटो, द्राक्षे, ऊस ही पिके घरालगत असतात, आणि मुले सहजच हाताला येईल तो पाला सशापुढे टाकतात. याबाबत स्पष्ट सूचना देणे आवश्यक आहे. कांद्याची व लसणाची पात सशाला अपायकारक आहे. तिच्यामुळे त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. टोमॅटोचा व बटाट्याचा पाला देऊ नये. घाणेरी, कण्हेर, रुई व एरंड ही विषारी झाडे आहेत. औषधफवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचे गवत कितीही हिरवेगार असले तरी आणू नये.

पाणी सशाच्या वजनाच्या दर किलोस दिवसाला ५० ते १०० मिलिलिटर, उन्हाळ्यात त्याहून अधिक लागते. ते हलक्या वाटीत न देता जड, सहज न कलंडणाऱ्या मातीच्या पसरट भांड्यात द्यावे. दिवसातून दोनदा भांडे धुऊन भरावे. गळतीच्या दिवसांत पालाही धुऊन ओलाच घालावा. त्यायोगे चार घोट पाणी अधिक पोटात जाते.

तूप, एरंडेल किंवा दुसरे कसलेही तेल सशाच्या तोंडात ओतू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो. पपई किंवा अननस यांनी पोटातील केस विरघळतात हा समजही खरा नाही. त्यांनी केसांवर काही परिणाम होत नाही, आणि त्यांतील साखर मात्र पोट बिघडवते.

केस विंचरणे

एरवी आठवड्यातून एकदा आणि गळतीच्या दिवसांत रोज पाच ते दहा मिनिटे केस विंचरावेत. त्यासाठी मऊ ब्रश किंवा जाड दात्यांची फणी चालते. दातांची टोके बोथट असावीत. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते, ती ओढल्याने फाटते. म्हणून सुटे झालेले झुबके ओढून काढू नयेत. केसांच्या दिशेने हलकेच विंचरावे आणि शेवटी तळहात किंचित ओला करून अंगावरून फिरवावा. उरलेले सैल केस हाताला चिकटून येतात.

सशाला ओट्यावर किंवा टेबलावर न घेता जमिनीवर गोणपाट अंथरून त्यावर बसवावे. कानांना धरून त्याला कधीही उचलू नये. एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली असावा, कारण त्याने लाथ झाडली असता त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. त्याला उताणे धरू नये. तशा स्थितीत तो निपचित पडतो, तो सुखाने नव्हे, भयाने.

सशाला आंघोळ घालू नये. ओल्या दाट केसांमुळे त्याचे अंग गार पडते आणि धसक्याने तो दगावूही शकतो. कात्रीने केस कापणे हेही साध्या सशाच्या बाबतीत अनावश्यक व धोक्याचे आहे. लांब केसांच्या अंगोरा जातीची गोष्ट वेगळी. तिची लोकर ठरावीक मुदतीने कातरावीच लागते. राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने या जातीचे काम हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यात, गारसा येथील थंड हवेत चालविले आहे, यावरून ती जात आपल्या उन्हाळ्यास कितपत मानवेल हे समजावे.

विंचरण्याचे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, उघड्या हवेशीर जागी, दिवसा करावे. ज्या मुलास दम्याचा त्रास आहे त्याला या कामापासून दूर ठेवावे. केस खतखड्ड्यात पुरावेत आणि हात साबणाने धुवावेत.

उकाडा, पाऊस व बिबट्याचे भय

सशाला घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. हवेचे तापमान ३० अंशांपुढे गेले की तो कासावीस होऊ लागतो, आणि ३५ अंशांपुढे त्याच्या जिवास धोका असतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पत्र्याच्या छपराखाली याहून कितीतरी अधिक उष्णता असते. पिंजरा पत्र्याखाली न ठेवता झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत ठेवावा, बाजूस ओले गोणपाट टांगावे, आणि बसण्यास एखादे गार कौल द्यावे.

पावसाळ्यात दुसरे संकट येते. शेपटीभोवतालचे केस लेंड्यांनी व मुताने माखून ओले राहिले, तर त्यावर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. गुरांच्या जखमेत आसडी पडते तसाच हा प्रकार असून ससा त्याने फार लवकर दगावतो. म्हणून पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली पाहावे, बूड कोरडे ठेवावे, आणि अळ्या दिसताच जनावरांच्या डॉक्टरांकडे जावे.

तिसरी गोष्ट सशापेक्षाही मुलांच्या जिवाची आहे. जुन्नर वनविभागातील उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा कायम वावर आहे. माणिकडोह येथे वनखात्याचे बिबट निवारा केंद्र आहे हे आपण सर्व जाणतो. सशासाठी गवत आणण्यास मुलाला पहाटे, सांजवेळी किंवा अंधारात उसाच्या कडेला कदापि पाठवू नये. गवत दिवसाउजेडी, मोठ्या माणसाने आणावे. रात्री पिंजरा अंगणात न ठेवता बंद दाराच्या आत घ्यावा, म्हणजे कुत्री-मांजरे आणि बिबट्या या दोहोंचेही भय राहत नाही. प्रत्येक शिक्षकाने ही सूचना वर्गात एकदा तरी मोठ्याने सांगावी.

केसगळती की रोग?

पुढील खुणा दिसल्यास ती साधी केसगळती नव्हे असे समजावे.

१. नाक, ओठ, कानांच्या कडा व पायांची बोटे यांवर पांढरट-करड्या खपल्या धरणे, सतत खाजविणे. ही खरूज असते.

२. कानाच्या आत तपकिरी थर साचणे, ससा वारंवार डोके झाडणे. हे कानातील किड्यांचे लक्षण होय.

३. गोल, केस तुटलेले, कोंडा असलेले चट्टे. हे गजकर्ण असण्याचा संभव असतो.

४. पाठीवर पुष्कळ पांढरा कोंडा, आणि तो निरखून पाहिल्यास हलताना दिसणे. तो कोंडा म्हणजे सूक्ष्म किड्यांची वस्ती असते.

यांपैकी खरूज, गजकर्ण व पाठीवरील किडे यांचा त्रास माणसासही होऊ शकतो. म्हणून निदान होईपर्यंत मुलांनी त्या सशास हात लावू नये.

यावर घरचे औषध करू नये. सशाचे शरीर इतर जनावरांपेक्षा निराळे आहे. कुत्र्यांच्या पिसवांसाठी वापरतात ते फिप्रोनिल सशाला घातक ठरते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांसारखी औषधे तोंडावाटे दिल्यास त्याच्या आतड्यांतील उपयुक्त जंतू मरून तो दगावतो. गोठ्यातील गोचिडांचे औषध अंगाला लावले की तो ते चाटून पोटात घेतो. औषध पशुवैद्यकाने सांगावे, आणि ते सशासाठी आहे हे त्यांना स्पष्ट सांगावे.

रोजची नोंद

केसगळतीच्या दिवसांत सशाच्या प्रकृतीची खरी बातमी त्याच्या लेंड्या देतात. निरोगी ससा दिवसाकाठी शेकड्याने लेंड्या टाकतो. त्या वाटाण्याएवढ्या, गोल व कोरड्या असतात. केसांनी एकमेकींत गुंफलेल्या, मण्यांच्या माळेसारख्या लेंड्या दिसल्या, तर पोटात केस पुष्कळ जात आहेत पण अद्याप पुढे सरकत आहेत असा त्याचा अर्थ. तेव्हा विंचरणे, गवत व पाणी ही तिन्ही वाढवावीत. लेंड्या लहान, वेड्यावाकड्या व थोड्या होऊ लागल्या तर सावध व्हावे. याशिवाय द्राक्षाच्या लहान घडासारख्या मऊ लेंड्याही ससा टाकतो आणि त्या लगेच स्वतःच खातो. ही घाणेरडी सवय नसून त्याच्या पचनाचा आवश्यक भाग आहे. मुलांनी त्याला हुसकू नये.

ससा सकाळचा चारा सोडून कोपऱ्यात अंग चोरून बसला, दात करकर वाजवू लागला, पोट ताठ लागले, किंवा बारा तासांत त्याने काही खाल्ले नाही वा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ‘उद्या पाहू’ असे म्हणू नये. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी १९६२ या क्रमांकावर करता येते. सशाच्या बाबतीत एक रात्र हा फार मोठा अवधी असतो.

परिसर अभ्यासाच्या दृष्टीने येथे चांगली संधी आहे. ज्या मुलाच्या घरी ससा आहे त्याने एका वहीत तारीख, चारा, पाणी, लेंड्या व वजन असे पाच रकाने आखावेत. वजन आठवड्यातून एकदा कापडी पिशवीत ससा ठेवून शाळेच्या ताणकाट्यावर घेता येते. पिशवीचे वजन वजा करण्यास विसरू नये, आणि ताणकाट्याची मर्यादा आधी पाहावी. शालेय पोषण आहाराचा काटा मात्र यासाठी वापरू नये. २ किलो वजनाचा ससा २०० ग्रॅमने घटला तर ती किती टक्के घट झाली, हे गणित मुले आनंदाने करतील. आणि ती १० टक्के घट म्हणजे डॉक्टरांकडे जाण्याची वेळ, हेही त्यांच्या ध्यानात राहील.

शाळेत ससा पाळावयाचा विचार असल्यास आधी एका प्रश्नाचे उत्तर लिहून काढावे : मे महिन्याच्या सुटीत त्याला कोण सांभाळील? ऐन उकाडा आणि केसगळती यांची गाठ त्याच दिवसांत पडण्याचा संभव असतो. उत्तर मिळत नसेल तर ससा आणू नये.

रानससा पाळू नये

ऊस तुटताना किंवा बाजरी काढताना मुलांना रानसशाचे पिल्लू सापडते व ते घरी आणतात. रानससा हा पाळीव सशाहून भिन्न प्राणी आहे. पाळीव सशाची पिल्ले जन्मतः उघडी व मिटल्या डोळ्यांची असतात. रानसशाची पिल्ले केसाळ व उघड्या डोळ्यांची जन्मतात आणि उघड्यावरच दबून बसतात. त्यांची आई दिवसा जवळ नसते. ती साधारणतः सांजेस येऊन पाजून जाते. म्हणून एकटे दिसलेले पिल्लू पोरके झाले असे समजू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानससा पकडणे व पाळणे हा गुन्हा आहे. पिल्लू होते तेथेच राहू द्यावे. ते जखमी असल्यास वनखात्यास कळवावे.

वरील माहिती शिक्षकांनी वर्गात व पालकसभेत सांगावी, आणि चारा, पाणी, विंचरणे, सावली व लेंड्या ही पाच नावे फळ्यावर लिहून द्यावीत. मूल एवढे रोज पाहू लागले म्हणजे सशाचे केस कितीही गळोत, त्याच्या पोटाची बातमी त्याला वेळेवर मिळेल, आणि मुका प्राणी काय सांगतो आहे हे समजून घेण्याची सवयही त्यास लागेल.